घर सुटले की औषधही सुटते

आरोग्याच्या पानावर घराचा विषय पाहून कोणी म्हणेल, पान चुकले की काय. चुकलेले नाही. क्षयरोगाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. तिसऱ्या महिन्यात घर पाडले गेले, किंवा खोलीमालकाने सामान बाहेर काढले, तर पुढच्या तीन महिन्यांत त्या रुग्णाचे काय होते, हे वस्तीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गोळ्या मधेच थांबल्या की रोग उलटतो आणि उलटलेला रोग साध्या औषधांना दाद देईलच असे नाही. म्हणून रुग्णाचे घर टिकवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

हा उपचार कोणी करायचा? नगरपालिकेने किंवा महानगरपालिकेने. पाणी, गटार, दवाखाना जसे तिचे काम, तसेच कोणी रस्त्यावर येऊ नये हे पाहणेही तिचे काम आहे. आज ती यातले काय करते, काय करत नाही आणि आपण तिच्याकडे काय मागायचे, ते क्रमाने पाहू.

बेघर कोणाला म्हणायचे?

जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर, फूटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपात, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणारा माणूस. २०११ च्या जनगणनेत देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार लोक मोजले गेले. त्यातले सुमारे २ लाख १० हजार आपल्या महाराष्ट्रात होते. रात्री फिरून केलेली ही मोजणी आहे. जो कोपऱ्यात झोपला होता, ज्याला पोलिसांनी त्या रात्री हाकलले होते, तो सुटलाच.

आणि मोजणीत कधीच न येणारे आणखी लोक आहेत. घर पाडल्यावर बहिणीच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार पोरांसह राहणारी बाई. नवऱ्याने हाकलल्यावर आज मावशीकडे, उद्या मैत्रिणीकडे झोपणारी मुलगी. भाडे थकल्याने दर तीन महिन्यांनी खोली बदलणारे कुटुंब. ही माणसे कागदावर बेघर नाहीत, पण रस्त्यापासून दोन पावलांवर आहेत. त्यांना वाचवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत स्वस्त असते. नेमके त्यांच्याकडेच कोणाचे लक्ष नसते.

घर गेल्यावर शरीराचे काय होते?

पहिली गोष्ट, औषध आणि कागद एकत्र जातात. पाडापाडीत गोळ्यांची पिशवी, केसपेपर, रेशनकार्ड, बाळाचे लसीकरण कार्ड सगळे मातीत मिसळते. दुसरी गोष्ट, नाव यादीतून निघते. आशाताई आणि अंगणवाडीसेविका आपापल्या भागातल्या घरांची नोंद ठेवतात. कुटुंब दुसरीकडे गेले की गरोदर बाईची तपासणी चुकते, बाळाचा पुढचा डोस चुकतो.

मधुमेहाच्या रुग्णाची वेगळी अडचण. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. रस्त्यावर शीतकपाट कोठून आणायचे? रक्तदाबाचा माणूस दोन-चार दिवस गोळी चुकवतो, त्याला काही जाणवत नाही, म्हणून तो आणखी चुकवतो आणि एक दिवस अर्धांगवायूच होतो. बायका रात्री शौचाला जाण्याच्या भीतीने दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवीच्या जळजळीने हैराण होतात. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला व वाळवायला आडोसा नसतो. चार-चार रात्री सलग झोप नाही म्हणजे मन थाऱ्यावर राहत नाही, आणि तेथून दारूची वाट फार लांब नसते.

मी वॉर्डात नर्स म्हणून काम करत असताना डिस्चार्ज कार्डावर नेहमीच्या सूचना असत: जखम कोरडी ठेवा, विश्रांती घ्या, आठ दिवसांनी दाखवा. फूटपाथवर जखम कोरडी कशी ठेवायची, याला त्या कार्डावर रकाना नव्हता. रुग्ण कोठे परत जाणार आहे हे विचारणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

घर नसले की कामही जाते. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, हा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. नोकरी होती, विद्या होती, पण राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकलले गेले. शेवटी त्यांना मुंबईला परतावे लागले. आजही आडनाव ऐकून खोली नाकारणारे मालक शहरात आहेत. म्हणून आपल्या माणसाची एक खोली सुटली की दुसरी मिळणे इतरांपेक्षा अवघड जाते. घर टिकवण्याचा प्रश्न आपल्यासाठी अधिक मोठा आहे तो यामुळे.

नगरपालिका आज काय करते?

२०१० साली अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो बारा महिने, चोवीस तास चालावा. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. त्यात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना होती आणि एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० लोकांची सोय हे प्रमाण धरले होते. केंद्राच्या योजनांची नावे आणि मुदती बदलत राहतात. आपल्या गावात आज निवारा कोणत्या नावाखाली चालतो ते नगरपालिकेत विचारून घ्या.

नगरपालिका हा निवारा बहुधा स्वतः चालवत नाही. ती इमारत देते, निविदा काढते आणि एखाद्या संस्थेशी करार करून काम तिच्यावर सोपवते. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बचत गट आणि त्यांचे संघ, वस्तीतील संघटना, अगदी बेघरांच्या समित्याही हे काम घेऊ शकतात. ही गोष्ट आपल्या महिला मंडळांनी लक्षात ठेवावी.

निवाऱ्यात काय असावे तेही ठरलेले आहे. माणशी सुमारे ५० चौरस फूट जागा, हवेशीर खोल्या, पिण्याचे पाणी, अंघोळीची व शौचालयाची सोय, दिवे, आग विझवण्याचे साधन, प्रथमोपचार पेटी, स्वच्छ पांघरुणे, स्वयंपाकाची जागा आणि गॅस. एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीत काम करणारे तीन काळजीवाहक. मुलांना जवळच्या अंगणवाडीशी जोडून देणे, आणि मोठ्यांना रेशन, ओळखपत्र, पेन्शन, दवाखाना मिळवून देणे. बायकांसाठी, कुटुंबांसाठी, तसेच निराधार वृद्ध, मनोरुग्ण आणि आजारातून उठणारे रुग्ण यांच्यासाठी वेगळे निवारे असू शकतात.

आता पैशाचा हिशोब पाहा. ५० जणांच्या निवाऱ्याच्या देखभालीला त्या सूचनांमध्ये वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. म्हणजे महिन्याला ५० हजार, म्हणजे माणशी दिवसाला साधारण ३३ रुपये. त्यातच चार माणसांचा पगार, वीज, साबण, पांघरुणे धुणे. एवढ्या पैशात कागदपत्रे काढून देणारी, रुग्णाला दवाखान्यात नेणारी कार्यकर्ती कशी ठेवणार? त्यात बिले वेळेवर निघाली नाहीत तर संस्था आधी माणसे कमी करते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांची स्थिती पाहण्यासाठी न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली. गरजेपेक्षा निवारे फार कमी आणि आलेला निधीही नीट न वापरलेला, असे चित्र त्यातून पुढे आले.

खरी उणीव कोठे आहे?

निवारा हवाच. पण निवारा माणूस रस्त्यावर आल्यानंतर मिळतो. ताप चढल्यावर गोळी द्यायची आणि डास मारायचे नाहीत, तसे हे झाले. घर जाण्याच्या आधी मदत करणारी सेवा आपल्याकडे नगरपालिका विकत घेत नाही, नेमत नाही, तिच्या अंदाजपत्रकात तिला ओळही नाही.

अशी सेवा असू शकते. इंग्लंडमध्ये २०१७ साली बेघरपणा कमी करण्याचा कायदा झाला आणि तो एप्रिल २०१८ पासून लागू आहे. बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले आणि जे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले, ते घर कॅमडेन या भागात आहे. तेथील नगरपरिषदेलाही हाच कायदा लागू आहे. कायदा असा, की पुढच्या ५६ दिवसांत कोणाचे घर जाण्याची शक्यता असेल तर नगरपरिषदेने तेव्हाच हात घालायचा. त्या कुटुंबाशी बसून लेखी आराखडा करायचा. घरमालकाशी बोलणे, थकलेल्या भाड्याचे हप्ते पाडणे, हक्काचे अनुदान मिळवून देणे, नाहीच जमले तर दुसरी जागा शोधणे, अशी कामे त्यात येतात. बरीच कामे नगरपरिषद करार करून संस्थांना देते. संस्थेचा कार्यकर्ता घरी येऊन मदत करतो. त्यासाठी निवाऱ्यात जावे लागत नाही.

मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती दवाखान्याची. ऑक्टोबर २०१८ पासून तेथील रुग्णालयांवर बंधन आहे की, एखादा रुग्ण बेघर आहे किंवा होण्याच्या बेतात आहे असे दिसले, तर त्याच्या संमतीने नगरपरिषदेला कळवायचे.

तेथे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. घरांची भाडी इतकी वाढली आहेत की इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या जागेत राहतात. घर टिकवण्याच्या मदतीसाठी २००३ पासून जो निधी राखून ठेवलेला असे, त्यावरचे राखीवपणाचे बंधन २००९ मध्ये काढले गेले. त्यानंतर अनेक नगरपरिषदांनी या सेवा कापल्या. आपल्यासाठी धडा सरळ आहे: सेवा मागताना तिच्यासाठी बांधून ठेवलेला निधीही मागायचा. नाहीतर पहिली कात्री तिलाच लागते.

घर जाण्याच्या चार वाटा आणि तेव्हा काय करायचे

१. पाडकामाची नोटीस. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. फूटपाथवरची घरे काढताच येणार नाहीत असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. आधी नोटीस द्या, ऐकून घ्या, असे म्हणाले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि त्यानंतर पुन्हा १५ दिवसांची मुदत सांगितली आहे. पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशयालगतच्या अनधिकृत बांधकामांना आणि न्यायालयाच्याच आदेशाने होणाऱ्या पाडकामाला तो निकाल लागू नाही. तेथे महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा, १९७१ पाहावा लागतो. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकांना त्यात संरक्षण आहे आणि २००० ते १ जानेवारी २०११ या काळातील झोपडीधारकांना शुल्क भरून पुनर्वसनाची तरतूद आहे. म्हणून जुने वीजबिल, मतदारयादीतील नोंद, शाळेचा दाखला यांची किंमत सोन्याएवढी. मोबाइलवर फोटो काढून नात्यातल्या दोघांकडे पाठवून ठेवा.

२. थकलेले भाडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूचे पाणी किंवा वीज योग्य कारणाशिवाय तोडणे त्याला मना आहे. भाडे देताना पावती घ्या. पावती देत नसेल तर खात्यावर पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. एका महिन्याचे भाडे चुकले तेव्हाच बोला. तीन महिने थकल्यावर बोलणी अवघड होतात.

३. घरातून हाकलणे. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ प्रमाणे बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुलांनी सांभाळायचे सोडलेल्या आईवडिलांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाता येते.

४. आजारपण आणि रुग्णालय. उपचारासाठी कर्ज, कर्जासाठी खोली विकणे, ही वाट आपल्या वस्त्यांत फार वापरली जाते. खोली विकण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट आहे: केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. त्याची बाहेर सोय करणे शासनाचे काम आहे.

या चारही वाटांवर वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत आहे. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचाही त्यात समावेश होतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

घर सुटलेच, तर उपचार सुटू देऊ नका. क्षयरोगाच्या रुग्णाने निक्षय क्रमांक पाठ करावा किंवा हातावर लिहावा. त्या क्रमांकावर देशात कोठेही सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू करता येतात आणि पोषणासाठीचे महिना १,००० रुपयेही त्याच नोंदीवर खात्यात येतात. रेशन दुसऱ्या गावातील दुकानातही अंगठा लावून मिळते. बाळाचे कार्ड हरवले तरी लसीकरण नाकारता येत नाही. नव्या जागेतील आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेटा.

नगरपालिकेकडे काय मागायचे?

अंदाजपत्रक जानेवारी ते मार्चमध्ये आकार घेते. त्यामुळे दिवाळीनंतर लगेच निवेदन द्यावे. निवेदनात या मागण्या असाव्यात.

प्रभाग कार्यालयात घर वाचवण्याचा एक मदतकक्ष असावा, तेथे नोटीस आलेल्या किंवा भाडे थकलेल्या कुटुंबाची त्याच दिवशी नोंद व्हावी. पाडकामाची नोटीस निघाली की तिची प्रत आरोग्य विभागाला जावी, म्हणजे त्या वस्तीतील क्षयरोगी, गरोदर बायका, डायलिसिसचे रुग्ण, तान्ही बाळे यांची यादी आधीच तयार होईल. रुग्णालयातून घरी सोडताना 'कोठे जाणार' हा प्रश्न कार्डावर असावा आणि उत्तर 'ठाऊक नाही' असेल तर समाजसेवा अधीक्षकांनी निवाऱ्याला कळवावे. निवाऱ्याच्या करारात कागदपत्रे काढून देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार वेगळा धरावा. संस्थेची बिले ठरलेल्या मुदतीत द्यावीत. संस्थेचे काम मोजताना किती लोक झोपले एवढेच मोजू नये. किती जणांना पुन्हा घर मिळाले आणि किती जणांचे औषध चालू राहिले तेही मोजावे. आणि निवारा व्यवस्थापन समितीवर तेथे राहणारी माणसे असावीत, त्यात बायका असाव्यात.

निवेदनाबरोबर माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्जही टाका. आपल्या शहराची लोकसंख्या किती, निवारे किती, बायकांसाठी किती, मागच्या वर्षी किती निधी आला आणि किती खर्च झाला, करार कोणाशी आणि त्याच्या अटी काय, एवढे विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तरातले आकडे विहारात मोठ्याने वाचून दाखवा. रमाई आवास योजनेतील आपल्या प्रभागातील अर्जांचे काय झाले ते वेगळ्या अर्जात विचारता येईल. ज्यांच्याकडे स्वतःची जागाच नाही त्यांना त्या योजनेचा उपयोग होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी मागणी हवी.

नगरपालिका जागी होईपर्यंत विहाराने एक वही घालावी. दर रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे एवढेच विचारायचे: कोणाला नोटीस आली आहे का, कोणाचे भाडे थकले आहे का, कोण रुग्णालयातून घरी येणार आहे, कोणाच्या घरात बाईला त्रास आहे. नावे जाहीर न करता दोन जबाबदार भगिनींनी नोंद ठेवायची आणि त्याच आठवड्यात त्या घरी जायचे. सोबत गावच्या विधी सेवा कार्यालयाचा, आशाताईचा आणि निवाऱ्याचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. सहा महिन्यांनी ही वही घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा आयुक्तांकडे गेलात, तर 'अशी गरज आहे कुठे?' असे म्हणायला त्यांना जागा उरणार नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.